साक्षीतून गाळलेलं वाक्य

लोक माझ्याशी बोलताना माझ्या मानेकडे बघतात. आधी डोळ्यांकडे, मग हळूच खाली, उजव्या बाजूला, जिथे गाठ होती तिथे. काहींना ती गेल्याचा आनंद असतो, काहींना ती परत तर आली नाही ना हे बघायचं असतं. मी रागावत नाही. आरशासमोर मीही तेच करते.

मी वत्सला. वय एक्कावन्न. हैदराबादला चिक्कडपल्लीत राहते आणि जामबागच्या एका जुन्या शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे जालन्याकडचे. आजोबा नोकरीसाठी इथे आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. दोन वर्षांपूर्वी मला कॅन्सर झाला, मानेतल्या आणि छातीतल्या ग्रंथींचा. आता मी बरी आहे असं सगळे म्हणतात. उपचार चालू असलेल्यांना धीर यावा म्हणून तुम्ही लिहा, असं मला तिघाचौघांनी सुचवलं. धीर देण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. जे घडलं ते मात्र सगळं लिहिणार आहे, आणि त्यातलं माझ्या तोंडाला काळं फासणारं आहे तेही लिहिणार आहे.

भेंडी

गाठ मला पावडर लावताना लागली. जून महिना होता, शाळेत दाखल्यांची झुंबड. खुर्चीवर बसून बसून मान आखडली असेल असं म्हणून मी दोन महिने बाम चोळला. एवढी शिकलेली बाई आणि गाठीला बाम चोळते! पण मला तेव्हा पालकांच्या रांगेपुढे स्वतःची मान दिसत नव्हती.

शेवटी गाठीचा तुकडा तपासायला दिला. त्याच्या रिपोर्टच्या दिवशी माझे मिस्टर, सुधीर, सोबत होते. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. बोलायच्या आधी त्यांनी टेबलावरचा टिशूचा डबा आमच्याकडे सरकवला आणि तिथेच मला कळलं. सुधीरनी कितव्या स्टेजचा आहे ते विचारलं, पुढे काय करायचं ते विचारलं, सगळं वहीत लिहून घेतलं. मी विचारलं, "केस जातील का?" त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

येताना चिक्कडपल्लीच्या बाजारात रिक्षा थांबवून आम्ही भेंडी घेतली. का घेतली कुणास ठाऊक. घरी येऊन मी ती चिरायला बसले आणि एकेक तुकडा अगदी सारखा कापला. आयुष्यात कधी इतकी व्यवस्थित भेंडी चिरली नव्हती. आमची मुलगी रूथ ऑफिसातून आली, ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि "मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" म्हणून दारातच उभी राहिली.

मंगळवारची माणसं

केमो दर तीन आठवड्यांनी, मंगळवारी. आत गेल्यावर आठ खुर्च्या, आठ सलाइनचे स्टँड, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. दर मंगळवारी साधारण तीच तोंडं. एखादी खुर्ची रिकामी दिसली की कुणी विचारायचं नाही, हा न सांगता पाळलेला नियम. शीर सापडेना म्हणजे एक केरळची सिस्टर गरम पाण्याची पिशवी हातावर धरून शांत बसायची. तिची मला फार आठवण येते. त्या खोलीत घाई न करणारी ती एकटीच होती.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर यादम्मा असायची. बेचाळीस वर्षांची, विद्यानगरला ब्लाउज शिवून देणारी, स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेणारी. नवरा वारलेला, एक बहीण सोबत राहायची. तेलुगू तिची मातृभाषा, पण हैदराबादी हिंदी फर्डी. सलाइन डाव्या हाताला लावून घ्यायची, म्हणजे उजवा हात तुरपाईला मोकळा. सिस्टर एक सुई टोचून जायची, ही दुसरी सुई काढायची. पहिल्याच दिवशी मी रडत होते तर म्हणाली, "अम्मा, तुम ख्रिस्तान होके इतना रोते? हमारेमें तो अय्यगारू सुने तो डांटते."

अय्यगारू म्हणजे त्यांचे पाळक. यादम्मा मूळची हिंदू, नवरा गेल्यावर विद्यानगरच्या एका प्रार्थनामंडळीत जाऊ लागलेली. माझ्यासाठी तिनं समोरून उघडणारे दोन ब्लाउज शिवले, सलाइनच्या दिवशी त्रास नको म्हणून. मापं तिनं खुर्चीत बसल्या बसल्या माझ्याकडे नुसतं बघून घेतली, आणि ते मला सगळ्यात नीट बसलेले ब्लाउज आहेत.

चार केमो झाल्या. केस गेले, चव गेली, नखं काळी पडली. मग मधलं स्कॅन झालं आणि कळलं की गाठी कमी झालेल्या नाहीत, छातीतली उलट वाढलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता औषध बदलावं लागेल, जास्त कडक द्यावं लागेल, त्याआधी शरीराला तीन आठवडे विश्रांती देऊ, परत एक स्कॅन करू आणि सुरू करू. "गुण येईल ना?" सुधीरनी विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रयत्न करू."

घरात त्या तीन आठवड्यांत कुणी मोठ्यानं बोललं नाही. सुधीर कागदपत्रं लावत बसायचे. रूथ न्हाणीघरात नळ सोडून रडायची आणि आम्ही पाण्याचा आवाज ऐकत बसायचो. माझं म्हणाल तर मी मरायची तयारी करत नव्हते. मला कंटाळा आला होता, इतका की भीतीसुद्धा नीट वाटेना.

तेल

यादम्माचा फोन आला. "शुक्रवार कू आओ अम्मा. उपवास प्रार्थना है. एक बार आके देखो."

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. आम्ही जुने ख्रिस्ती. आमची मराठी उपासना रविवारी दुपारी, तेलुगू मंडळींची संपली की त्यांच्याच चर्चमध्ये. पंचवीस-तीस माणसं, एक पेटी, संथ गाणी. देवाकडे मागतानाही आम्ही आवाज चढवत नाही. ओरडून प्रार्थना करणाऱ्यांना आमच्यात नावं ठेवतात, आणि ठेवणाऱ्यांत मी पुढे. पण यादम्मानं माझे ब्लाउज शिवले होते. तिचं मन मोडायला नको म्हणून गेले.

विद्यानगरला हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. चपलांचा ढीग, पंखे, भर दुपारी शंभरेक माणसं. अय्यगारू पन्नाशीचे, काटकुळे, पूर्वी सिटी बसमध्ये कंडक्टर होते. आवाज अजून तसाच, मागच्या दारापर्यंत पोचणारा. त्यांनी आजाऱ्यांना पुढे बोलावलं. माझ्या मानेला खोबरेल तेल लावलं, हात ठेवला आणि रडत रडत प्रार्थना केली. ते रडणं खोटं नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

मला काहीही जाणवलं नाही. ऊब नाही, वीज नाही. तेल ओघळून ब्लाउजच्या गळ्याला लागणार आणि डाग पडणार, एवढंच डोक्यात होतं. शेजारी यादम्मा दोन्ही हात वर करून उभी होती, डोळ्यांतून धार लागलेली. तेल तिलाही लावलं. आमच्या दोघींत हातभर अंतर होतं.

नवव्या दिवशी सकाळी हात मानेकडे गेला आणि गाठ लागेना.

मी ती शोधली. चष्मा हरवल्यावर शोधतात तशी. मान तिरपी करून, वाकून, आडवं पडून. डावी-उजवी विसरले की काय म्हणून दुसऱ्या बाजूला शोधली. मग सुधीरना हाक मारली. त्यांनी दोन बोटांनी दाबून बघितलं आणि हात धुवायला गेले.

मला आनंद झाला नाही. मी घाबरले. रविवारच्या शाळेत लहानपणी ऐकलेल्या गोष्टींत कुणी बरं झालं की बघणारे लोक आधी घाबरतात. मला वाटायचं, घाबरायचं काय त्यात, टाळ्या वाजवायच्या.

स्कॅन स्वच्छ आलं. छातीतलीही गाठ गेलेली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही स्कॅन शेजारी लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "आधीच्या औषधाचा परिणाम उशिरा झाला असेल. क्वचित शरीर स्वतःही करतं. मला नक्की माहीत नाही." सुधीरनी विचारलं, "म्हणजे बरी झाली?" त्या म्हणाल्या, "आज दिसत नाही, एवढंच मी म्हणेन. औषध थांबवू. पण दर तीन महिन्यांनी तपासायचं, चुकवायचं नाही. हे परत येणारं दुखणं आहे."

मी प्रार्थनेचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "तीही करा," म्हणाल्या.

जेवणाच्या टेबलावर

सुधीर म्हणत, चार केमोंनी काम केलं, पोस्ट जरा उशिरा पोचली इतकंच. रूथ म्हणे, "डॅडी, चार केमोनंतर ग्रोथ वाढली होती! रिपोर्ट आहे! इट्स अ मिरॅकल, का नाही म्हणायचं?" दोघं भांडायचे आणि मी मध्ये बसून भात कालवत राहायचे. कुणीही जिंकलं तरी मला सुटका नव्हती.

कारण औषधानं गेलं असेल तर ते परत येणार, आणि मग कडक औषध, आणि मग "प्रयत्न करू." आणि प्रभूनं केलं असेल तर त्याहून वाईट. तर मग त्यानं त्या हॉलमध्ये मला बघितलं. ब्लाउजच्या डागाची काळजी करणारी, मनातून नावं ठेवणारी मी त्याला दिसले, आणि हातभर अंतरावर ओक्साबोक्शी रडणारी यादम्मा दिसली नाही? की दिसली आणि नको म्हणाला? तिची गाठ अजून होतीच. अशा देवाची मला भीती वाटू लागली. आधी कधी वाटली नव्हती, कारण आधी तो माझ्या वाटेला येत नव्हता.

हे मी आमच्या मराठी मंडळीत कुणाला बोलले नाही. तिथे सगळे "देवाची कृपा" म्हणत होते आणि मानेकडे बघत होते.

साक्ष

यादम्माच्या मंडळीत रीत अशी की ज्याला आरोग्य मिळालं त्यानं पुढे उभं राहून साक्ष द्यायची. आजार काय होता, प्रार्थना कधी झाली, आता कसं आहे ते सगळ्यांसमक्ष सांगायचं, आणि रिपोर्ट असेल तर हातात धरायचा. साक्ष दिली नाही तर मिळालेलं टिकत नाही, असं तिथे पक्कं धरून चालतात. यादम्माच मागे लागली. "अम्मा, तुम बोलना. तुम बोले तो सबकू हिम्मत आती."

दुसरी रीत म्हणजे भाषांतर. बोलणारा हिंदीत बोलला तर अय्यगारू शेजारी उभे राहून वाक्या-वाक्याचं तेलुगू करतात. माझं तेलुगू बाजारापुरतं, बोलायला लाज वाटावी असं. पण समजतं सगळं. जन्म इथे गेलाय.

मी रिपोर्ट घेऊन उभी राहिले. एक वाक्य मी बोलायचे, एक अय्यगारू. गाठ होती, ते सांगितलं. चार केमोंनी कमी झाली नाही, ते सांगितलं. शुक्रवारची प्रार्थना, नववा दिवस, सगळं जसंच्या तसं तेलुगूत जात होतं. लोक मधे मधे "स्तोत्रम" म्हणत होते. मग मी म्हटलं, "डॉक्टर बोले, अभी दिखता नहीं है, पर हर तीन महीने को फिर देखना पड़ता, बीमारी वापस आ सकती."

अय्यगारूंनी दोन्ही हात वर केले. मग म्हणाले, "डॉक्टरलु आश्चर्यपोयारु!"

डॉक्टर थक्क झाले. हॉल उभा राहिला. स्तोत्रम, हल्लेलूया, टाळ्या. रूथ पुढच्या रांगेत मोबाइलवर व्हिडिओ घेत होती, रडत होती, हसत होती. माझ्या हातात रिपोर्ट होता आणि त्याच्या शेवटच्या ओळीत ते तीन महिने लिहिलेले होते.

मी एकतीस वर्षं शाळेचे दाखले लिहिते. शेरा गाळलेला दाखला मी कधी सहीला पाठवलेला नाही. कितीही मोठ्या माणसाचा मुलगा असो, नापास म्हणजे नापास. पण त्या दिवशी मी ऐकलं, मला कळलं, आणि मी गप्प उभी राहिले. दोनच शब्द बोलायचे होते तेलुगूत, बाजारातल्या तेलुगूत. मला ते लोक त्या वेळी फार आवडले होते. माझ्यासाठी इतकी माणसं इतकी खूश कधीच झाली नव्हती.

उतरल्यावर मी अय्यगारूंना बाजूला घेऊन म्हटलं, "ते तीन महिन्यांचं तुम्ही सांगितलं नाहीत."

"अम्मा, वो डॉक्टर की साक्ष है," ते अगदी मायेनं म्हणाले. "तुम प्रभू की देने खड़े थे." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शक नक्को करो. शक करे तो गई सो बीमारी घर पहचानके वापस आती."

त्यांनी ते मला धीर देण्यासाठी सांगितलं. पण ते माझ्या मनात जाऊन बसलं. त्यानंतर मानेला हात लावायचा म्हणजे शंका घेतल्यासारखं वाटायचं, आणि लावल्याशिवाय राहवायचं नाही. लावायचे आणि लगेच "चुकले प्रभू" म्हणायचे. दिवसातून वीसदा. एवढ्या केमो घेतल्या, पण इतकी आजारी मी तेव्हासुद्धा नव्हते.

रूथनं व्हिडिओ सगळीकडे पाठवला. यादम्माचा दर आठवड्याला फोन यायचा, आवाज खुशीत. "मेरा भी हो रा अम्मा, हल्का हल्का लगता." मी म्हणायचे, "बरं झालं." तुझे मंगळवार चालू आहेत ना, हा एक प्रश्न मी विचारला नाही. तो विचारणं म्हणजे माझ्या बरं होण्यावर मीच शंका घेणं, असा माझा हिशेब. माझी गाठ परत येऊ नये म्हणून मी तिला विचारलं नाही. हे असंच आहे, यात गोड काही नाही.

तीन महिन्यांनी

स्कॅनची तारीख आली तशी रूथ हट्टाला पेटली. "मम्मा, नको ना रिस्क घेऊस! आय मीन, स्कॅन कशाला? तुझा फेथ नाही का?" मी तिला शाळेत तपासणी आहे म्हणून सांगितलं आणि सुधीरबरोबर गुपचूप गेले. पोरीला चोरून डॉक्टरकडे जायची वेळ माझ्यावर आली. त्या यंत्रात आडवी पडल्यावर मी प्रार्थना केली नाही. कुणाची करायची तेच ठरेना.

स्वच्छ आलं. सुधीर बाकावर बसून पहिल्यांदा रडले. मी त्यांना तिथेच सोडून आठ खुर्च्यांच्या खोलीत डोकावले, यादम्माला सांगायला. मंगळवारच होता. तिच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते.

केरळच्या सिस्टरनं मला ओळखलं, बाहेर आली. "यादम्मा? वो तो नहीं आती. तीन महीना हो गया. हम फोन किया, बोली मैं ठीक हो गई." मग माझा हात धरून म्हणाली, "आप समझाओ ना उसको. उसका तो अच्छा रिस्पॉन्स था."

तीन महिने. मी मनातल्या मनात मागे मोजलं. माझ्या साक्षीनंतरचा मंगळवार तिनं पहिला चुकवला होता.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी त्या दिवशी तिच्याकडे गेले नाही. चिक्कडपल्लीहून विद्यानगर रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. मी एकोणीस दिवस गेले नाही. तिला काय सांगणार? की माझा चमत्कार बहुधा औषधाचा आहे, तू औषध घे? हे तोंडानं म्हटलं आणि त्या रात्री गाठ उठली तर? सुधीर म्हणाले, "मी जातो, मी सांगतो." मी त्यांनाही जाऊ दिलं नाही.

विसाव्या दिवशी गेले. तेही धाडस करून नाही. साड्यांच्या दुकानात तिनं शिवलेला ब्लाउज घालून उभी होते, विकणारी बाई म्हणाली, किती छान बसलाय, कुठे शिवला. मी तशीच बाहेर पडून रिक्षा केली.

यादम्मा मशिनवर बसली होती. गाल आत गेलेले, डावा हात सुजून खांबासारखा झालेला. तिला माझा आनंद झाला. बहिणीला चहा टाकायला सांगितलं. मी चहाची वाट न बघता सगळं ओकले. साक्षीच्या दिवशी मी तीन महिन्यांचं बोलले होते, अय्यगारूंनी ते सांगितलंच नाही, मला कळलं होतं, मी गप्प बसले, तुला ठाऊक नव्हतं म्हणून तू औषध सोडलंस, ही माझी चूक आहे.

तिनं मशिन थांबवलं.

"मेरेकू हिंदी आती ना अम्मा," ती म्हणाली. "तुम बोले सो मैं सुनी. तीन महीने कू फिर देखना बोलके, बीमारी वापस आ सकती बोलके, सब सुनी. अय्यगारू नै बोले, वो भी देखी."

मी म्हटलं, "मग का सोडलंस?"

"तुम कू तेलुगू समझता. मेरेकू मालूम. अय्यगारू वो बात छोड़ दिए, तुम खड़े रहे, कुछ नै बोले." ती हे चिडून म्हणत नव्हती, समजावून सांगत होती. "तो मैं समझी, तुम कू भी डॉक्टर की बात सच्ची नै लगती. इतना पढ़े सो, ऑफिस में काम करते सो. तुम चुप रहे, तो मैं सोची, हौ, ये सच में हुआ."

चहा आला. आम्ही तो प्यायलो.

नंतर

मी तिला दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात नेलं. ती सहज आली, एका शब्दानं अडवलं नाही. स्कॅन झालं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या बहिणीला आणि मला आत बोलावलं आणि बोलायच्या आधी टिशूचा डबा शोधू लागल्या. आजार यकृतात गेला होता, हाडांत गेला होता. वेळेवर आली असती तर काय झालं असतं, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो प्रश्न आता नको." यावर मी काय समजायचं ते समजले.

दोन महिने तिनं गोळ्यांवर घरी काढले, मग दुखणं आवरेना तेव्हा तिला वॉर्डात ठेवलं. मी शाळेत रजा टाकली आणि रोज दुपारी जाऊन बसू लागले. अय्यगारूही यायचे. तेलाची बाटली आणायचे आणि न उघडता परत न्यायचे. एकदा जिन्यात मला म्हणाले, "अम्मा, मैं क्या करूँ बोलो." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला सोडून राग पुढे जाईना. रूथला मी सगळं सांगितलं. तिनं व्हिडिओ काढून टाकला आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. सुधीर डबा आणून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी यादम्मानं माझा हात घेतला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला, जिथे दुखत होतं तिथे. "तुम करो प्रार्थना. तुम्हारी सुनते वो."

माझं ऐकतो म्हणे! मी हात ठेवला. लहानपणापासून पाठ असलेलं काहीही येईना. शेवटी मराठीत म्हटलं, "प्रभू, मला तुझी भीती वाटते. हिला बरं कर." यादम्मानं मोठ्यानं "आमेन" म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही म्हटलं.

त्यानंतर रोज गेल्यावर ती विचारायची, "देखो ना अम्मा, कुछ कम हुआ?" मी हात लावून बघायचे. पोट रोज थोडं जास्त ताठ लागायचं. आणि मी म्हणायचे, "हो, जरा कमी वाटतंय." एकदा खरं न बोलल्यामुळे हे सगळं झालं होतं, आणि मी तिथे बसून रोज एक खोटं बोलत होते. दुसरं काय बोलणार होते? ज्यांच्या घरात असं कुणी असेल त्यांनी मला सांगावं, मी खरंच विचारतेय.

नवव्या दिवशी तिनं विचारलं नाही. मीच सवयीनं हात पुढे केला. तिनं तो धरला आणि अलगद चादरीवर ठेवून दिला.

"तुम्हारा स्कॅन कब है?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, तारीख सोमवारची आहे, पण तुला सोडून मी जाणार नाही, पुढे ढकलते.

"जाओ," ती म्हणाली. बोलायला तिला दम लागत होता. "चुकाओ नक्को. पर क्या आया, मेरेकू नक्को बोलो."

सोमवारी मी स्कॅनला गेले. बुधवारी रिपोर्ट हातात आला, स्वच्छ. शेवटच्या ओळीत पुढचे तीन महिने. तो पिशवीत घालून मी वरच्या मजल्यावर तिच्या वॉर्डात गेले आणि बसले. ती जागी होती. एकदा तिनं माझ्या मानेकडे बघितलं. शुक्रवारी दुपारी ती गेली. तोवर तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.